मोजोचे पाच व्हिडिओ आणि मराठी वर्गातलं ‘अजून’

शाळांसाठी ॲप बनवणाऱ्या क्लासडोजो या कंपनीने स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पर्ट्स या संशोधन केंद्राच्या मदतीने जानेवारी २०१६ मध्ये ‘ग्रोथ माइंडसेट’ या कल्पनेवर पाच कार्टून व्हिडिओंची मालिका काढली. मोजो नावाचा हिरवा, गोंडस राक्षस गणित जमत नाही म्हणून शाळाच सोडायला निघतो आणि केटी ही त्याची मैत्रीण त्याला थांबवते, अशी सुरुवात. एकेक भाग तीन मिनिटांच्या आसपासचा. पैसे पडत नाहीत, यूट्यूबवरही मिळतात. बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, सरावाने, वेगळी पद्धत वापरून आणि मदत मागून ती वाढवता येते, ही कल्पना आठ वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगणारं याहून सुटसुटीत साहित्य सहसा सापडत नाही. दुसरी ते चौथीच्या वर्गासाठी घ्यावं. पहिलीला नको. तिथे मुलं मोजोच्या उड्या बघतात आणि विषय बाजूला राहतो.

मराठी माध्यमाच्या वर्गात मात्र ते जसंच्या तसं लावलं तर वाया जातं. निवेदन अमेरिकन उच्चारांचं आणि भरभर आहे. इंग्रजी सबटायटल तिसरीच्या मुलाच्या वाचनाच्या वेगापुढे पळतं. म्हणून आवाज बंद करायचा आणि गोष्ट शिक्षकाने सांगायची. आदल्या दिवशी भाग दोनदा बघून बारा-पंधरा वाक्यांत मराठी गोष्ट लिहून काढली की पुरे. शब्दशः भाषांतर करू नये, चित्र पुढे निघून जातं. केटीची वाक्यं सहावी-सातवीच्या एखाद्या मुलीला दिली तर वर्ग अधिक लक्ष देतो. पहिल्याच दिवशी ‘मोजो’ या नावावर पायमोज्याचे विनोद होणार. दोन मिनिटं होऊ द्यावेत, मग ते आपोआप संपतात.

पहिला भाग मेंदूला स्नायूची उपमा देतो: सोपं काम केलं की फारसं काही होत नाही, अवघड काम केलं की ताकद वाढते. ‘स्नायू’ हा शब्द पुस्तकातला आहे. ‘दंडाची बेटकुळी’ म्हटलं की वर्गातली सगळी मुलं हात वाकवून दाखवतात आणि उपमा तिथेच पोचते. एक गैरसमज मात्र हमखास होतो. अभ्यासाने मेंदू फुगतो, डोकं मोठं होतं, असं काही मुलं धरून बसतात. तेव्हा पायवाटेचं उदाहरण जोडावं. गवतातून एकदा गेलं तर वाट दिसत नाही, रोज गेलं की पडते. मेंदूतल्या पेशींमधले जोड वापराने पक्के होतात, हे त्यातून जास्त बरोबर कळतं.

दुसरा भाग चुकांचा. मालिकेत सगळ्यात उपयोगी हाच, आणि सगळ्यात धोक्याचाही. चूक झाली की मेंदू वाढतो, एवढंच मुलाच्या डोक्यात राहिलं तर पुढच्या आठवड्यात ‘बाई, मी पाच चुका केल्या!’ असं कौतुकाने सांगणारी मुलं भेटतात. चुकीने काही वाढत नाही. चूक कुठे झाली हे शोधून ती दुरुस्त केली की शिकणं होतं. त्यामुळे हा भाग दाखवल्यावर लगेच, त्याच तासात, एक चूक फळ्यावर घ्यायलाच हवी.

उदाहरणार्थ ५२ वजा २७. तिसरीत याचं उत्तर ३५ लिहिणारी मुलं बरीच असतात. दोनातून सात जात नाहीत म्हणून मूल सातातून दोन वजा करतं, कारण ‘मोठ्यातून लहान’ हा नियम त्याने स्वतःच बनवलेला असतो. इथे ‘छान प्रयत्न केलास’ म्हणून पुढे जाणं हा ग्रोथ माइंडसेटचा सर्वांत रूढ आणि सर्वांत निरुपयोगी अवतार. मूल त्याच नियमाने उद्या ६३ वजा ३८ चं उत्तर ३५ काढेल. त्याऐवजी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्याव्यात आणि ‘यातल्या सात सुट्या मला दे’ म्हणावं. मूल अडतं. थोड्या वेळाने, क्वचित न सांगताही, एक गठ्ठा सोडतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. मग दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. आता कौतुक करायचं ते असं: ‘सुट्या पुरत नाहीत हे कळल्यावर तू गठ्ठा सोडलास.’ नेमकं काय केलं ते सांगणारं हे वाक्य मुलाला पुढच्या गणितात वापरता येतं. ‘हुशार आहेस’ वापरता येत नाही.

भाषेच्या तासाला हेच जोडाक्षरांवर करावं. ‘पर्वत’ ऐवजी ‘प्रवत’ लिहिणाऱ्या मुलाला दहा वेळा लिहायला लावून विशेष काही होत नाही. शब्द सावकाश म्हणायला लावून र कुठल्या अक्षराआधी ऐकू येतो हे त्यालाच ओळखू द्यावं. रफार आणि रकार यांतला फरक कानाने कळला की ‘गर्व’, ‘ग्रह’ आपोआप सुधारतात.

‘हुशार’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी घरात आणि शाळेत मुलांची विभागणी अजूनही ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशीच होते. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिली कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं, मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच कोडी दिली तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. आपले गुण वाढवून सांगणारी मुलंही पहिल्या गटात जास्त निघाली. मोजो मालिकेचा पाया हाच आहे, पण मालिकेत शिक्षकाच्या तोंडी काय असावं याबद्दल फारसं काही नाही. ती उणीव आपणच भरायची.

तिसरा भाग ‘येट’, म्हणजे ‘अजून’, या इंग्रजी शब्दावर उभा आहे आणि मराठीत तो अक्षरशः उलटा पडतो. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘येट’ जोडलं की आशा येते. मराठीत ‘अजून’ म्हटलं की मुलाच्या कानात घुमतं ते ‘अजून येत नाही तुला?’, ‘अजून पाढे पाठ नाहीत?’ आपल्याकडे हा शब्द बोलणी खाताना ऐकलेला असतो. फळ्यावर ‘मला अजून येत नाही’ असं लिहून वर्गाकडून वदवून घेतलं तर ती कबुली होते. यावर उपाय दोन. एक, ‘अजून’ शेवटी न्यावा: ‘मला भागाकार येत नाही... अजून.’ मधे थांबा घेतला की सूर बदलतो आणि मुलांना गंमतही वाटते. दोन, वाक्य तिथे संपू द्यायचं नाही. पुढे ‘म्हणून आता मी’ लावायचं आणि मुलाने काम सांगायचं: सातचा पाढा उड्या मारत म्हणेन, शेजारच्याला विचारेन, काड्या घेईन. ‘म्हणून आता मी’ नसेल तर तिसरा भाग दाखवूच नका.

उरलेल्या दोन भागांत पहिल्या तिघांची उजळणीच जास्त आहे. वेळ कमी असेल तर ते सोडावेत. आठवड्याला एक भाग, साधारण पंचवीस मिनिटांचा तास: गोष्ट पाच मिनिटं, गप्पा पाच, उरलेला सगळा वेळ वहीतल्या खऱ्या चुकांवर. पाचही भाग एका दिवशी लावले तर सिनेमा होतो. चाळीस मुलांना मोबाइलवर दाखवू नये, मागच्या रांगा पाच मिनिटांत फुटतात. शाळेतला टीव्ही किंवा प्रोजेक्टर हवा, आणि नेट बेभरवशाचं असेल तर व्हिडिओ आदल्या संध्याकाळी यूट्यूबच्या ॲपमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवावा.

आता तक्रार. याच कंपनीचं मुख्य ॲप वर्गातल्या वागणुकीला गुण देण्यासाठी ओळखलं जातं. प्रत्येक मुलाचा छोटा राक्षस, त्याच्याशेजारी आकडा, गुण मिळाला की आवाज, आणि गुण वजा करायचीही सोय. एकीकडे मोजो सांगतो की चुकायला घाबरू नकोस आणि दुसरीकडे पडद्यावर सगळ्या वर्गासमोर आकडा खाली येतो. मुलं आकड्यावर विश्वास ठेवतात. व्हिडिओ घ्यावेत, गुणांचा फळा वर्गाला दाखवू नये. ज्यांना नोंद ठेवायचीच आहे त्यांच्याकडे आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची वर्णनात्मक नोंदवही आहेच. तिथे ‘प्रगती समाधानकारक’ हे घोटलेलं वाक्य सोडून ‘हातच्याची वजाबाकी काड्यांशिवाय करू लागला’ असं लिहिलं की तीच नोंद पुढच्या इयत्तेच्या शिक्षकालाही उपयोगी पडते.

परिणामाचं काय, हे मुख्याध्यापक विचारणारच. इंग्लंडमध्ये १०१ शाळांतल्या पाच हजारांहून अधिक दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर आठ आठवड्यांचा असा वर्गकार्यक्रम तपासला गेला. २०१९ च्या अहवालात भाषा आणि गणित दोन्हींत सरासरी जादा प्रगती आढळली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवरच्या अभ्यासात, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने, मागे पडलेल्या मुलांचे सरासरी गुण, जे तिथे चारपैकी मोजतात, सुमारे ०.१ ने वाढले. हा परिणाम छोटा आहे आणि ती मुलं आपल्या मुलांपेक्षा मोठी होती. तेव्हा भिंतीवर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ आधीच रंगवलेलं असताना ग्रोथ माइंडसेटच्या तयार पोस्टरसंचावर शाळेचा निधी घालवू नये. त्या पैशांत काड्यांचे गठ्ठे आणि कोऱ्या वह्या जास्त येतात.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती लिंक टाकली तर ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. लिंकबरोबर एकच काम द्यावं: आज रात्री जेवताना ‘किती पडले?’ विचारायचं नाही, ‘आज कुठे अडलास आणि मग काय केलंस?’ विचारायचं. पहिले चार दिवस उत्तर येतं ‘कुठेच नाही’. पाचव्या दिवशीही विचारावं.