विचलाइटची जत्रा: तलवार म्यानात, सौदे जोरात

‘द वाइल्ड बियाँड द विचलाइट’ हे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं वठवत खेळायच्या खेळाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, विझार्ड्स ऑफ द कोस्टने सप्टेंबर २०२१मध्ये आणलं. २५६ पानं, लेव्हल १ ते ८, आणि सगळी गोष्ट फेवाइल्डमध्ये, म्हणजे परीलोकात घडते. एकही लढाई न करता शेवटापर्यंत जाता येतं असा त्याचा दावा आहे आणि तो खरा आहे. फक्त लढाई काढली की तिच्या जागी काय येणार, हे डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आधी ठरवावं लागतं. बरेच जण तिथे विनोद भरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला खेळ मऊ पडतो. या पुस्तकाचा खरा दम सौदेबाजीत आहे.

पुढे गुपितं फुटणार आहेत. खेळाडू म्हणून बसणार असाल तर इथेच थांबा आणि हे तुमच्या डीएमकडे सरकवा.

सुरुवात होते विचलाइट कार्निव्हलमध्ये. मिस्टर विच आणि मिस्टर लाइट हे दोघे ही जत्रा चालवतात. गोगलगायींची शर्यत, कपकेक खाण्याची पैज, आरसेमहाल, बुडबुडे सोडणारी अवाढव्य किटली असा थाट आहे. पुस्तकातलं सर्वांत सुंदर प्रकरण हेच आणि सर्वांत जास्त फसणारंही हेच. फसतं ते असं: डीएम नकाशा उलगडतो, सगळ्या खेळांची नावं ओळीने वाचतो आणि विचारतो, “कुठे जाताय?” चार खेळाडू चार दिशांना पांगतात. मग एक जण गोगलगायीवर बसून फासे टाकतो आणि उरलेले तिघे मोबाइल बघतात.

गेटवर निकोलस मिडनाइट नावाचा गॉब्लिन तिकिटं तपासतो. त्याच्या तोंडून फक्त तीन ठिकाणं सुचवा आणि पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाने, एकत्रच जायचं हे आधी ठरवून घ्या. जो स्पर्धेत नाही त्याला काम द्या: पैज लावणं, दुसऱ्याच्या गोगलगायीचं लक्ष उडवणं, गर्दीतून ओरडून आपल्या गड्याला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळवून देणं. जत्रा आठ तासांची असते. वेळ आणि जत्रेचा मूड मोजायला पुस्तकात दोन वेगळे ट्रॅक दिले आहेत. ते डीएम स्क्रीनमागे (डीएमच्या पुढ्यातल्या आडोशामागे) लपवू नका. आठ चौकटींचं कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवा, साधारण दोन ठिकाणं झाली की एक चौकट भरा. घड्याळ दिसत असलं की खेळाडू आपोआप निवड करायला लागतात, आणि मोठ्या तंबूतला खेळ व जत्रेच्या राजाची किंवा राणीची निवड हे ठरलेले प्रसंग वेळेवर येतात. तीन तासांची दोन सेशन या प्रकरणाला पुरतात. तिसरं लागलंच तर चालेल, चौथं मात्र नको.

धागा हवा असेल तर केटलस्टीम नावाची केनकू (पक्ष्यासारखी दिसणारी जमात) जत्रेत घातपात करत फिरते. पहिल्या तासातच तिची चुणूक दाखवा. दुसरा धागा हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत आहे. तिथे दिरलाग्राऊन ही डिस्प्लेसर बीस्ट (बिबट्यासारखं जादुई श्वापद) चुकलेली मुलं सांभाळते आणि तिचं स्वतःचंच पिल्लू बेपत्ता आहे. भयंकर जनावर पाळणाघर चालवतंय, हा या पुस्तकाच्या विनोदाचा उत्तम नमुना. हसू येतं आणि लगेच पुढचा प्रश्न पडतो.

कॅम्पेनमध्ये शिरायला दोन वाटा आहेत. ‘वॉरलॉक्स क्वेस्ट’मध्ये मॅड्रिक रोस्लॉफ नावाचा वॉरलॉक (एखाद्या बड्या शक्तीकडून जादू मिळवणारा) पार्टीला त्याच्या गायब झालेल्या मालकिणीच्या शोधावर पाठवतो. चालतं, पण ते दुसऱ्याचं काम. ‘लॉस्ट थिंग्ज’ निवडा. लहानपणी पात्रं विनातिकीट जत्रेत घुसली आणि तिथे प्रत्येकाचं काहीतरी चोरीला गेलं: कुणाचं दिशेचं भान, कुणाची गुपित पोटात ठेवण्याची ताकद. त्याला आकड्यांचा दंड लावण्याचा मोह टाळा. प्रत्येक खेळाडूने आपली उणीव सेशनमध्ये एकदा तरी दाखवायची, एवढाच नियम पुरतो. दिशा हरवलेला रेंजर ठामपणे उलट्या बाजूला बोट दाखवतो, यात मजा आहे. त्यालाच दर वेळी सर्व्हायव्हल रोलवर डिसअ‍ॅडव्हांटेज (उलट, दोनातला लहान आकडा) दिला की तो रोल टाकणंच बंद करतो.

आता मुख्य भाग. प्रिझमीर हे राज्य हिदर, दिदर आणि यॉन असं तीन तुकड्यांत फुटलंय आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक हॅग, म्हणजे दुष्ट चेटकीण, बसली आहे: बाव्हलोर्ना, स्काबाथा, एंडेलिन. भूत, वर्तमान, भविष्य अशी त्यांची वाटणी. इथे परीलोकाचे तीन नियम चालतात: पाहुण्याला पाहुण्यासारखं वागवायचं, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि घेतलं तर परतफेड करायची. पुस्तक हे सांगून मोकळं होतं. तुम्ही मात्र ते कागदावर लिहून खेळाडूंच्या हातात द्या आणि स्वतःजवळ तीन रकान्यांची वही ठेवा: कोणी दिलं, काय दिलं, फेडायचं कधी. वही नसेल तर तिसऱ्या सेशनला कोण कोणाचं देणं लागतं हे कुणालाच आठवत नाही आणि सौद्यांची धारच जाते.

हिदरच्या दलदलीत अ‍ॅगडन लाँगस्कार्फ हा सशासारखा दरोडेखोर टोळी घेऊन टोल मागतो. खेळाडू म्हणतो, “आमच्याकडे द्यायला काही नाही.” इथे लगेच इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) मागितलात तर पुढे दर वेळी तेच होणार. अ‍ॅगडनने त्याला खालून वर न्याहाळावं आणि विचारावं, “मग त्या बुटांचं काय? किंवा कुणालाही न सांगितलेली एखादी गोष्ट?” खेळाडूने गुपित दिलं तर ते वहीत उतरवा आणि चार सेशननंतर भलत्याच पात्राच्या तोंडून बाहेर काढा. इथे मारामारी झाली तरी बिघडत नाही. टोळी झेपण्यासारखी आहे आणि फायटर-बार्बेरियनला हात साफ करायला मिळतो. हॅगचं तसं नाही. बाव्हलोर्ना भेटते तेव्हा पार्टी इतकी कोवळी असते की सरळ भिडल्यास सगळे आडवे होतील. हे खेळाडूंना कळेल असं आधीच दाखवा, सांगू नका. तिच्या आसपासच्या बुलीवगांच्या (बेडूकमाणसांच्या) दरबारात राजा गलप १९वा बसलाय. आकड्यावरूनच कळतं तिथे राजे किती दिवस टिकतात. दरबारातल्या कारस्थानातून हॅगपर्यंत पोचणं हा सर्वांत मजेदार मार्ग.

दिदर म्हणजे जंगल, तिथे स्काबाथाच्या खेळण्यांच्या कारखान्यात पळवलेली मुलं राबतात. इथे हलकेफुलकेपणा थोडा आवरावा लागतो. सेशन झीरोलाच (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) हा विषय टेबलावर कुणाला चालणार नाही का, ते विचारून ठेवा. यॉनमध्ये एंडेलिनचं नाट्यगृह आहे आणि पार्टीला प्रत्यक्ष रंगमंचावर उभं राहावं लागतं. लाजाळू खेळाडूला संवाद म्हणायला लावू नका, पडदा ओढायला किंवा वादळाचा आवाज काढायला लावा.

बिनलढाईच्या खेळात सगळा भार स्किल रोलवर (पात्राच्या कौशल्यासाठी टाकलेल्या फाशावर) येतो, म्हणून एका अपयशाने दार बंद होऊ देऊ नका: काम होतं, पण किंमत वाढते. पात्र बनवतानाच प्रत्येक क्लासला (पात्राच्या पेशाला) संवादाचं किंवा शोधाचं निदान एक स्किल घ्यायला लावा, नाहीतर बार्ड एकटाच बोलत राहतो.

पात्रांसाठी फेअरी (परी) आणि हॅरेंगॉन (ससामाणूस) या दोन वंशांची भर आहे. फेअरी पहिल्या लेव्हललाच उडते (मीडियम किंवा हेवी आर्मर नसेल तर), त्यामुळे दरी-भिंतीचे अडथळे तिच्यासाठी फुकट जातात. पुस्तक २०१४च्या नियमांवर बेतलेलं आहे. २०२४चे नियम वापरत असाल तर फेलॉस्ट आणि विचलाइट हँड या बॅकग्राउंडांना (पात्राच्या पूर्वायुष्यांना) ओरिजिन फीट, म्हणजे सुरुवातीलाच मिळणारी खास करामत, आणि अ‍ॅबिलिटीची वाढ नाही. आवडीचं एक फीट द्या, +२/+१ किंवा तीन ठिकाणी +१ द्या, आणि वंशाकडून मिळणारी वाढ सोडून द्या. परिशिष्टातली एनपीसींची (डीएम वठवतो त्या पात्रांची) कार्डं झेरॉक्स काढून कापून ठेवा. पाठीमागच्या पानांत ती शोधत बसलात की संवादाचा ताल तुटतो.

शेवटचा राजवाडा सर्वांत कमकुवत. काळ थांबलेला, माणसं गोठलेली, ही कल्पना झकास. पण १९८०च्या दशकातल्या खेळण्यांमधली वॉरड्यूक, केलेक, स्ट्राँगहार्ट ही मंडळी एकदम अंगावर येतात आणि नव्या खेळाडूंना त्यांचं सोयरसुतक नसतं. दोघा-तिघांनाच ठेवा. गोठलेली झिबिल्ना, म्हणजे प्रिझमीरची राणी आणि मॅड्रिकची ती गायब मालकीण, ही मुळात ताशा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समधली नामांकित जादूगारीण, हा मोठा उलगडाही नाव माहीत नसेल तर फुसका निघतो. त्यासाठी जत्रेतच कुणाकडून तरी ‘ताशाज हिडिअस लाफ्टर’ हा स्पेल नाव घेऊन टाकून घ्या. आणि राजवाड्यात जॅबरवॉक हा ड्रॅगनसारखा राक्षस फिरतोय, चॅलेंज (ताकदीचा आकडा) १३. त्याची बडबड ऐकून डोकं फिरतं, नियमांतच तशी ताकद दिली आहे. तो दिसण्याआधी दोन दालनं अलीकडून ती बडबड ऐकवा, आणि पळायला एक दार उघडं ठेवा.