पावसाळाभर वापरलेला घोडीचा रबरी बूट

जूनअखेरीस घेतला, आता दिवाळी उलटली. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

घोडी आमच्या घरामागच्या पागेत, पेडण्यात. इथे पावसात वाट म्हणजे लाल चिखल आणि चिऱ्याचे खडे. खूर भिजून मऊ पडतो, तळव्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेतून बारीक खडा आत शिरतो आणि आत पू धरतो. आदल्या संध्याकाळी धड चालणारी घोडी सकाळी पुढचा उजवा पाय टेकवेना. मला वाटलं, हाडच मोडलं. डॉक्टरांनी माझी बोटं तिच्या घोट्याच्या मागे ठेवली. एरवी तिथली नाडी शोधावी लागते, त्या दिवशी ठणठण उडत होती. खूर हाताला गरम. त्यांनी तळवा जरा कोरला आणि काळपट, घाण वासाचा पू बाहेर आला. धनुर्वाताची लस झालीय ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. घोड्यांना तो फार पटकन होतो.

पुढचं काम माझं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवायचा, पुसून पोटीस बांधायचं. सुरुवातीला पोटिसावर लहान मुलांचा डायपर आणि चिकटपट्टी. म्हापशाच्या दुकानात विचारलं, ‘बाळ किती किलोचं?’ म्हटलं, साडेतीनशे. पण चिखलात डायपर अर्धा दिवसही टिकेना, म्हणून बूट मागवला.

पोटीस जागेवर राहतं, चिखल आत जात नाही, एवढ्यासाठी बूट झकास. तळ जाड आहे, कोरलेल्या जागी खडा टोचत नाही. माप मात्र खूर तासल्यावर लगेच घ्या. मी तासण्याआधी घेतलं, बूट सैल निघाला आणि टाचेवरची कातडी सोलवटली. जुना मोजा कापून आत घातला, तेव्हा थांबलं. पट्ट्यांचे चिकट काटे चिखलाने भरले की धरत नाहीत. जुनाट टूथब्रशने घासत बसावं लागतं. एक पट्टी ऑगस्टमध्ये उसवली, ती चांभाराकडून शिवून घेतली.

खरी चूक माझी. पू बंद झाल्यावरही ‘असू दे, पाऊस आहे’ म्हणून रात्रभर बूट तसाच ठेवायचो. आत घाम, ओल, कोंदट ऊब. दहा-बारा दिवसांत तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांतून काळा चिकट स्राव आणि कुजका वास यायला लागला. एक दुखणं बरं करताना दुसरं लावून घेतलं. मग बूट फक्त पोटिसापुरता ठेवला. रोज दोनदा खूर आकड्याने कोरायचा, कोरडा पुसायचा, डॉक्टरांनी दिलेलं औषध खाचांत भरायचं. तीन आठवडे गेले त्यात.

बाकीच्या तीन पायांना बूट घ्यायचे मनात होते, नाही घेतले. त्या पैशांत पागेच्या दारातला चिखल उपसून खडी आणि वर रेती टाकून घेतली. आता घोडी तिथेच उभी राहते.