रिमोट कुणाच्या हातात होता?

तरुणपणी मी आठ वर्षं तबला शिकलो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हाय-फाय दुकानात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी हे सांगून टाकलं, कुणी विचारलेलं नसताना. माझी पहिली चूक तीच.

घ्यायचं होतं साधंच. आमचा हॉल दहा बाय चौदा, त्यात दिवाण आणि देवघर. दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर, सगळं मिळून ६० हजारांत बसवायचं. गणपतीला आठवडा होता.

"सर, तबला म्हणजे तुमचा कान तयार आहे. इथे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फरक कळतच नाही," तिथला मुलगा म्हणाला. "मराठी माणूस आलात म्हणून मनापासून सांगतो." मग त्याने मला सोफ्यावर बसवलं, दिवे मंद केले आणि रिमोट स्वतःकडे घेतला.

आधी माझ्या बजेटमधली ४२ हजारांची जोडी लावली. ठीक वाटली, जरा मलूल. मग "घेऊ नका, नुसतं ऐका" म्हणत १ लाख ३५ हजारांची. कुणी इंग्रजी गायिका, मागे डबल बास, बाकी काही नाही. बास पोटात जाणवला. मी माझा पेन ड्राइव्ह काढला, त्यात पेटी-तबल्याची घरगुती बैठक होती. ती त्याने स्वस्त जोडीवर अर्धा मिनिट वाजवली. महागड्यावर लावा म्हटलं तर, "सर, रेकॉर्डिंग जुनं आहे, स्पीकरवर अन्याय होतो." पुन्हा इंग्रजी बाई. तिथेच उठायला हवं होतं. पण त्याने विचारलं, "फरक कळतोय ना?" आणि आठ वर्षं तबला सांगून बसलेल्या माणसाच्या तोंडून "नाही कळत" निघेना.

फरक होताच, पण तो कशाचा होता हे चार दिवसांनी कळलं. पुण्यातल्या मुलाला पाठवायला मी दोन्ही जोड्यांचे फोटो काढले होते. फोटोत खाली रिसीव्हरचा, म्हणजे तिथल्या ॲम्प्लिफायरचा, डिस्प्ले दिसतो. त्यावरचा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. स्वस्त जोडी वाजताना आवाज उणे ३४, महागडी वाजताना उणे २९. म्हणजे ५ डेसिबल जास्त. शिवाय माहितीपत्रकात पाहिलं तर संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, स्वस्त जोडीची ८५ डेसिबल, महागडीची ८८. सगळं मिळून ८ डेसिबलचा फरक, आणि १० डेसिबलला आवाज आपल्याला साधारण दुप्पट वाटतो. यातली गोम अशी की फरक एखाद्या डेसिबलचा असला, तर कान "आवाज मोठा आहे" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "हे जास्त स्वच्छ आहे, भरलेलं आहे." तयार कानही तेच म्हणतो. म्हणून दोन स्पीकर ऐकताना बसायच्या जागी मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप धरायचं, दोन्हींवर एकच सपाट, खरखरीसारखा सलग आवाज लावून पातळी सारखी करून घ्यायची आणि मगच गाणं लावायचं. ॲपचा आकडा तंतोतंत नसला तरी चालतं, फोन आणि जागा तीच हवी.

मग वायर. पाच मीटरची जोडी १४ हजार, लाकडी पेटीत, खाली मखमल. "साधी वायर लावलीत तर मर्सिडीजला सायकलचे टायर लावल्यासारखं." घरी आल्यावर गणित केलं. साधी १४ गेजची तांब्याची वायर, जाऊन-येऊन १० मीटर धरली तरी तिचा रोध ०.१ ओहमसुद्धा भरत नाही, आणि स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे वायरीने फरक पडायला जागाच नाही. हे गणित मला बारावीपासून येतं. दुकानात सुचलं नाही.

अडीच तास झाले होते. चहा झाला, कोल्ड कॉफी झाली. घरून फोन, "अहो, जेवायला येताय ना?" नऊच्या सुमारास त्या मुलाचा फोन वाजला. वाशीचं गिऱ्हाईक याच जोडीसाठी निघालंय म्हणे, आणि दुकानात हीच एक. मग मालक आतून आले, कागदावर आकडा लिहिला, खोडला, १ लाख १८ हजार लिहिला. गणपती ऑफर, आजच्यापुरती. "२५ हजार टोकन टाका. नको वाटलं तर परत." मी क्यूआर कोड स्कॅन केला. पावती हातात आली ती "एस्टिमेट" छापलेली, जीएसटी नंबर नसलेली. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील," यावर मी गप्प बसलो. तोही दोष माझाच. मागे बारीक अक्षरांत छापलेलं: टोकन परत मिळणार नाही, मालात वळतं होईल.

दुसऱ्या दिवशी जोडी बघायला गेलो तर खोक्याची टेप कापून पुन्हा चिकटवलेली, मागे वायर जोडायच्या टर्मिनलवर स्क्रूचे ओरखडे. आदल्या दिवशी डेमोला वाजत होती तीच. मी पैसे परत मागितले. आदल्या रात्रीचा "सर" आता "दादा" झाला होता, तिसऱ्या खेपेला "काका". "काका, एंट्री झालीये हो."

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तोवर कायदाही वाचून काढला. नुसतं मन बदललं म्हणून पैसे परत मिळतीलच असं नाही. पण बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. हेल्पलाइनवरून दुकानात फोन गेल्यावर बाराव्या दिवशी ११ हजार आले. उरलेल्या १४ हजारांची ती वायर गळ्यात मारली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हे माहीत असूनही गेलो नाही. कंटाळलो होतो.

वायर अंगठ्याएवढी जाड आहे, वळत नाही, कपाट भिंतीला टेकू देत नाही. पेटीत पडून आहे.

दिवाळीनंतर नौपाड्यातल्या दुसऱ्या दुकानात गेलो, या वेळी बायकोला घेऊन. मी ॲप लावून सोफ्यावर बसलो. दुकानदाराने रिमोटकडे हात केला, "द्या वहिनी, मी लावतो ना." ती म्हणाली, "नको, असू दे माझ्याकडेच."