नमुना म्हणून मागवलेला संच आणि त्यावरून काढलेल्या नकला

रेझिनचे (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे) मूर्तिसंच, म्हणजे ग्राहकाने जोडून रंगवायच्या सुट्या भागांच्या मूर्ती घडवणाऱ्या आणि ते विकून पोट भरू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत असावा, म्हणून हे लिहीत आहे.

जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की मिसळलेले रेझिन साच्यात जाण्याआधी पेल्यातच घट्ट होऊ लागते, त्यामुळे ओतकाम पहाटेच उरकावे लागते. एका व्यापाऱ्याने नेमकी हीच अडचण हेरली. ओतकामाचा व्याप आपण सांभाळू, तुम्ही फक्त शिल्प घडवा, प्रत्येक विक्रीमागे वाटा देऊ, असे सांगून त्याने माझ्या १:६ प्रमाणातल्या मावळ्याचा एक संच दुकानदारांना दाखवण्यासाठी मागवला आणि थोडी आगाऊ रक्कमही पाठवली. संच मात्र न रंगवलेला आणि सुट्या भागांचाच हवा, असा त्याचा आग्रह होता.

काही आठवड्यांनी ‘मागणी नाही’ या निरोपासह संच परत आला, तेव्हा पागोट्याच्या चुण्यांत करडी, तेलकट माती अडकलेली होती. दोन भागांचा साचा करताना वस्तू निम्मी अशा मातीत बसवून वर सिलिकॉन (साच्याचे रबर) ओततात. दुकानात मांडलेल्या नमुन्याला ती लागण्याचे कारणच नाही.

पुढे निम्म्या किमतीत विकली जाणारी नक्कल धुळ्याच्या एका मित्राने मुद्दाम विकत घेतली. ओतीव प्रतीवरून पुन्हा साचा काढून ओतताना सिलिकॉन व रेझिन किंचित आकसतात, त्यामुळे ती उंचीला कमी भरली आणि मिशीचे बारीक कोरकाम बुजले होते. परंतु डाव्या हाताच्या खुंटीवर, जोडल्यानंतर झाकली जाणारी माझी खूण तीत जशीच्या तशी उतरली होती. (इतकी इमानदार चोरी क्वचितच पाहायला मिळते.)

जाब विचारल्यावर, आगाऊ रकमेत हक्कही विकत घेतले, असे उत्तर आले. वास्तविक १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शिल्प ही कलाकृती आहे, तिच्या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. असा कागद त्याच्याकडे नाही. मूळ शिल्प जिच्यात घडवले त्या एपॉक्सी पुट्टीच्या (नंतर कडक होणाऱ्या लगद्याच्या) कामाची टप्प्याटप्प्याची तारीखवार छायाचित्रे आणि ती खूण तक्रारीसोबत दिली आहे. प्रकरण अद्याप प्रलंबित आहे.

दरम्यान, नमुना मागणाऱ्यास मी सांधे बुजवून रंगवलेली, साचा काढायला अवघड अशी अखंड मूर्तीच पाठवतो. सुटे भागच हवेत म्हणून अडून बसलेल्या दोघांनी त्यानंतर फोन उचललेला नाही.