मिनीव्हॅननंतरची क्रॉसओव्हर: दोन वर्षांच्या वापरानंतर

दहा वर्षे वापरलेली मिनीव्हॅन (सखल जमिनीची, सरकत्या दरवाजांची प्रशस्त कौटुंबिक गाडी) विकून आम्ही सात आसनी क्रॉसओव्हर (मोटारीच्या बांधणीवर बेतलेली, एसयूव्हीसारखी दिसणारी उंच गाडी) घेतली, त्याला आता दोन वर्षे झाली. माझ्या आईचे गुडघे दुखतात, आणि या गाडीने तिची सोय केली हे सर्वांत आधी सांगायला हवे. सेडानमध्ये तिला खाली वाकून बसावे लागे आणि उठताना कोणाचा तरी हात लागे. येथे आसन जवळपास कमरेच्या उंचीवर असल्यामुळे ती आधी निवांत टेकते, मग एकेक पाय आत घेते. क्रॉसओव्हर घराघरांत पोहोचली त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे, असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या रांगेने मात्र निराशा केली. गाडीची आतली जमीन उंच आणि आसन बुटके, त्यामुळे तेथे बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. शिवाय ती रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन पिशव्या मावतात. मिनीव्हॅनमध्ये असे नव्हते: 1984 च्या सुमारास डॉज कॅरॅव्हॅन, प्लिमथ व्हॉयेजर आणि रेनॉ एस्पास या मिनीव्हॅन आल्या, तेव्हा पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या रचनेमुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा उरला नाही, जमीन सखल व सपाट झाली आणि शेवटच्या रांगेतही माणसासारखे बसता येऊ लागले. सरकत्या दरवाजाची उणीव तर मला रोज जाणवते, कारण शेजारी दुसरी गाडी चिकटून उभी असेल तर क्रॉसओव्हरचा दरवाजा वीतभरच उघडतो आणि झोपलेल्या मुलाला त्या फटीतून बाहेर काढताना त्याचे डोके जपावे लागते.

मग कुटुंबे मिनीव्हॅनपासून दूर का गेली? अमेरिकेत 1975 च्या इंधनबचत कायद्याने हलक्या ट्रकांसाठी मोटारींपेक्षा सैल निकष ठेवले गेले आणि त्याचा फटका मोटारींत मोडणाऱ्या स्टेशन वॅगनला (मागे सामानासाठी लांब जागा असलेल्या मोटारीला) बसला, हे खरे. पण मिनीव्हॅनही हलक्या ट्रकांतच मोडत असल्याने तिची पीछेहाट त्या कायद्याने उलगडत नाही. माझ्या मते ती रूपामुळे मागे पडली. मुलांना शाळेत सोडणाऱ्या पालकांची गाडी अशी तिची ओळख झाली आणि ती ओळख पुढच्या पिढीला नकोशी वाटली. 1994 मध्ये टोयोटाने आरएव्ही4 ही क्रॉसओव्हर आणली, ती मोटारीच्या सुट्या भागांवर बेतलेली असूनही दिसायला रानावनात जाणारी होती; आम्हीही अशाच रूपाला भुललो.

घरात चार माणसे आणि त्यांत एखादे वडीलधारे असेल, तर ही गाडी जरूर घ्यावी. नेहमी सहा-सात जण प्रवास करणार असतील, तर घरातल्या सर्वांत उंच व्यक्तीला शोरूममध्ये सोबत न्यावे आणि तिसऱ्या रांगेत दहा मिनिटे बसवून पाहावे. आम्ही फक्त आसने मोजली होती.