बदली गाडीच्या नावाखाली

गाडीची पॉलिसी गळ्यात मारताना शोरूमवाला हमखास म्हणतो, "साहेब, गाडी गॅरेजला गेली तर दुसरी गाडी मिळते." कागदावर बहुधा दुसरी गाडी नसतेच. असतो तो 'दैनंदिन भत्ता', म्हणजे रोजचे ठरावीक पैसे. तोही पॉलिसी शेड्यूलच्या, म्हणजे पॉलिसीतल्या तपशिलाच्या पानावरच्या, ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घेतलेल्या संरक्षणांच्या) यादीत छापलेला असेल तरच. झीरो डेप्रिसिएशन (बदललेल्या पार्टच्या किमतीतून झीज न कापणारं ॲड-ऑन) घेतलं म्हणजे हाही आला, असं होत नाही. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी, पॉलिसी असेल तर विषयच मिटला.

समजा, भत्ता रोज ५०० रुपये, जास्तीत जास्त १० दिवस, पहिले ३ दिवस वजा. गाडी १८ दिवस अडकली तरी हातात ५,०००. भाड्याची गाडी रोज २,००० ने घेतली असेल तर खर्च ३६,०००. पावसाळ्यात तर विचारूच नका. मुंबईत हिंदमाता नाहीतर मिलन सबवेला पाणी भरलं की गॅरेजबाहेर रांग लागते, आणि पार्टची वाट बघण्यात गेलेले दिवस काही पॉलिसींत धरतच नाहीत.

त्यात तारखेची मेख. गाडी सोमवारी टो करून आणली, विमा कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेयर शुक्रवारी आला आणि गॅरेजने जॉब कार्डही (गाडी कामाला घेतल्याची नोंद) शुक्रवारचंच उघडलं, तर मधले चार दिवस हवेत. गाडी सोडतानाच तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पोच घ्या, टोइंगची पावती जपा. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करू नका, कितीही घाई केली तरी.

खरा डाव यानंतर. "इन्शुरन्समधून निघतील पैसे, तोवर ही वापरा," म्हणत गॅरेजवाला ओळखीतल्या कुणाची तरी गाडी आणून देतो. पांढरी नंबर प्लेट, रोजचे दीड-दोन हजार, १० हजार डिपॉझिट, पावती नाही. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने दिलेला वापर वगळलेला असतो. ती गाडी ठोकली तर दुरुस्तीचा क्लेम नाकारला जातो, मालक तुमच्या मागे लागतो आणि गॅरेजवाला हात वर करतो. पावतीच नाही, त्यामुळे गाडी भाड्याने घेतली होती हे दाखवायलाही काही उरत नाही. ठोकली नाही तरी बंपरवरचा जुना ओरखडा दाखवून डिपॉझिट गिळतात. घेण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. खरं तर घेऊच नका.

आणि हा भत्ता एकटा मिळत नाही, दुरुस्तीचा क्लेम मंजूर व्हावा लागतो. फुटकळ कामासाठी क्लेम टाकला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असला तरी. पाच हजारांपायी हा सौदा कुणी करू नये.

भत्ता नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन नंबरही आहे. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांचं (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांचं) कार्यालय गाठा; मुंबईत ते सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. फी नाही, वकील नको. सोबत पॉलिसी शेड्यूल, गाडी सोडल्याची पोच आणि नकाराचं पत्र जोडा. शोरूमवाल्याने 'दुसरी गाडी मिळते' असं व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल, तर त्याची प्रिंटही.