चार वर्षांच्या मुलीचा पहिला चित्रपट: नागपुरातील एका मल्टिप्लेक्सचा अनुभव

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नागपुरात दुपारच्या वेळी लहान मुलांना नेता येईल अशा जागा फारशा उरत नाहीत. त्यामुळे आमच्या चार वर्षांच्या लेकीने आपला पहिला चित्रपट शहरातील एका मॉलमधील मल्टिप्लेक्समध्ये, दुपारच्या खेळाला पाहिला. काळोखाची सवय व्हावी म्हणून आदल्या आठवड्यात तिला रमण विज्ञान केंद्रातील तारांगण दाखवून आणले होते आणि तिथे ती रमलीही होती. म्हणून आम्ही काहीसे निर्धास्त होतो.

तीन वर्षांवरील मुलांना येथे पूर्ण तिकीट लागते. त्याबद्दल तक्रार नाही, पण पूर्ण पैसे घेतलेल्या प्रेक्षकाला पडदा दिसावा, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. येथील खुर्चीची बैठक मिटणारी असून ती खाली दाबून ठेवायला चौदा किलो वजन पुरत नाही. मूल जरा मागे सरकले की बैठक वर उचलली जाते आणि गुडघे हनुवटीला टेकतात. मुलांसाठीची उंच गादी मागितल्यावर मिळाली, मात्र ती मिळते हे सांगणारी पाटी कुठेही नाही. गादी आणून देणारा तरुण कर्मचारी ती नीट बसवून, मुलीला पडदा दिसतो का हे विचारूनच गेला, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

दिवे मालवले तेव्हा मुलीने मोठ्याने विचारले, "बाबा, लाइन गेली का?" पुढच्या रांगेतील मंडळी हसली आणि तिची भीतीही ओसरली. खरी अडचण आवाजाची झाली. तिकिटावर साडेबाराची वेळ होती, पण एकला दहा मिनिटे असेपर्यंत जाहिराती आणि येऊ घातलेल्या चित्रपटांच्या झलकाच चालू होत्या. चित्रपटगृहाची ध्वनियंत्रणा ८५ डेसिबलचा संदर्भ धरून बसवण्याची पद्धत आहे आणि जोरकस प्रसंगांत आवाज त्याच्याही बराच वर जातो. या झलका तर जणू केवळ जोरकस प्रसंगांच्याच बनलेल्या होत्या. ज्या चित्रपटाला 'यू' प्रमाणपत्र आहे म्हणून आपण मुलांना आणतो, त्याच्याआधी बंदुकांचा एवढा दणदणाट का असावा, हे मला कळले नाही. मुलगी कान झाकून माझ्या कुशीत शिरली. त्याच कर्मचाऱ्याला विनंती केल्यावर काही मिनिटांत आवाज उतरला आणि मूळ चित्रपट तिने शांतपणे पाहिला.

प्रवेशद्वारावर मात्र वाद झाला होता. बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा अधिकार चित्रपटगृहांना असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. तथापि पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेले बेताचे अन्न अडवू नये, हेही त्याच निकालात आहे. आमच्या डब्यात पोळीचा एक लाडू होता. चार वर्षांची मुलगी तान्ही नव्हे, हा सुरक्षारक्षकाचा युक्तिवाद शब्दशः बरोबर होता, हे कबूल केले पाहिजे. अखेर पर्यवेक्षकांनी डबा आत नेऊ दिला. पाण्याची सोय फुकट आहे, पण ती दालनाच्या पार टोकाला, स्वच्छतागृहाच्या शेजारी आहे. स्वच्छतागृह स्वच्छ आहे. हात वाळवणारे यंत्र मात्र असे गरजते की मध्यंतरानंतर मुलीने हात धुण्यासच नकार दिला.

एवढे असूनही कर्मचाऱ्यांच्या आपुलकीमुळे आम्ही पुन्हा येथेच जाणार आहोत. फक्त खुर्ची मार्गालगतची घेऊ, गादी दारातच मागू आणि तिकिटावरील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी आत शिरू.